चाचांच्या शब्दावर

वीसेक वर्षांपूर्वी वसमत, औंढा, नांदेड या पट्ट्यात ज्यानं प्रवास केला, त्याला काळी-पिवळी जीप वेगळी सांगायला नको. एसटीला वेळ असायची, जीपला नव्हती. भरली की निघायची. आत माणसाला खेटून माणूस, मागच्या फळीवर चार-पाच जण लोंबकळत, टपावर हळदीची नाहीतर सोयाबीनची पोती. एवढा भार कंपनीच्या कमानपाट्यांना कुठला झेपणार? मग मालक जादा पाटे चढवायचे. टेम्पोचे, ट्रॉलीचे, भंगारात मिळतील ते. पाटे वाढले की जीप उचलली जायची, आणि रिकामी धावताना प्रत्येक खड्डा थेट मणक्यात पोचायचा. पण जीपचं काम भार वाहण्याचं होतं, त्यामुळं कोणी बोलत नसे.

अशीच एक जुनी काळी-पिवळी मी 2011 च्या दिवाळीनंतर कुरुंद्याला आणली. महिंद्राची कमांडर, एमएच-22 पासिंग. म्हणजे 1 मे 1999 ला हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला, त्याच्याही आधीची. प्रवासी परवाना रद्द होऊन, पांढरा रंग लागून ती खासगी झाली होती. हौस म्हणून घेतली नव्हती. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगवायूचा झटका आला, डावी बाजू गेली, आणि व्यायामासाठी त्यांना वरचेवर नांदेडला न्यावं लागणार हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. एसटीच्या पायऱ्या त्यांना चढवणं शक्य नव्हतं. दर वेळी भाड्याची गाडी करायची तर दवाखान्यापेक्षा भाडंच जास्त व्हायचं. बरी अशी जुनी कार घ्यायला हातात पैसा नव्हता. ही जीप मात्र भंगारापेक्षा थोड्या जास्त भावात मिळाली आणि इंजिन धडधाकट होतं.

अडचण चढण्याची. जादा पाट्यांमुळं जीपची जमीन एवढी वर गेलेली, की अण्णांना बसवायला तिघं लागायचे. एकानं बगलेत हात घालायचा, दुसऱ्यानं पाय उचलायचा, तिसऱ्यानं आतून ओढायचं. अण्णा आयुष्यभर स्वतःच्या पायानं शेताला गेलेले. एकदा भर रस्त्यात, लोकांसमोर असं चढवत असताना ते म्हणाले, “मला पोत्यावानी टाकू नका रे.” झटक्यानंतर त्यांची जीभ जड झाली होती, तेवढं वाक्य मात्र स्वच्छ आलं. मायनं पदर तोंडाला लावला.

त्याच संध्याकाळी मी जीप चाचांकडं नेली.

चाचांचं नाव इथं लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. गावात त्यांना सगळे चाचाच म्हणायचे. रस्त्याच्या कडेला लिंबाच्या झाडाखाली पत्र्याचं शेड, पुढं तेलानं काळी झालेली जमीन आणि एका कोपऱ्यात पाट्यांचा ढीग. उमेदीत त्यांनी नांदेडला ट्रकच्या पाट्यांचं काम केलेलं. ऊस आणि हळद वाहणाऱ्या ट्रॉल्यांचा हा भाग; टोकाई कारखाना आमच्या गावचा, पूर्णा कारखाना वसमतला. गळिताच्या दिवसांत पाटे तुटण्याला खंड नसायचा, म्हणून ते इकडं आले आणि इथलेच झाले. आमचा त्यांचा संबंध म्हणाल तर ट्रॉलीचा पाटा बदलण्यापुरता. नातं नाही, जात नाही, शेजार नाही.

मी म्हणालो, “चाचा, गाडी खाली घ्यायची. पण पैसे हळद निघाल्यावर.”

त्यांनी जीपकडं पाहिलंच नाही. “अण्णा कुठायत?” म्हणाले.

“घरी.”

“मंग माप कशाचं घेऊ? गाडीचं नाही, माणसाचं माप लागतं. उद्या सकाळी मीच येतो.”

सकाळी ते खरंच आले, हातात शेवरीची सरळ काठी आणि खडू. अण्णांना ओसरीतल्या खांबाला उजव्या हातानं धरून उभं केलं. आधी चांगला पाय उचलायला लावला, मग डावा. अण्णांचा डावा पाय थरथरत वर यायचा, थांबायचा, परत खाली. चाचा गुडघ्यावर बसलेले, काठी पायाशी उभी धरलेली. “घाई नाही अण्णा. जेवढा येतो तेवढाच. वर ओढू नका.” दोन-तीनदा उचलून झाल्यावर पाय जिथं सहज थांबत होता तिथं त्यांनी खडूची रेघ मारली. मग पाय ओढून जिथवर जाईल तिथं दुसरी. “ही वरची आपल्या कामाची नाही,” म्हणाले आणि ती अंगठ्यानं पुसून टाकली. नांदेडच्या व्यायामाच्या खोलीत मी बरीच यंत्रं पाहिली, पण अण्णांच्या पायाची एवढी अदबीनं मोजणी दुसरीकडं कुठं झाल्याचं मला आठवत नाही.

पुढचं काम शेडमध्ये. मी रोज शेतातलं आटपून तिथं जायचो आणि पाना-टॉमी द्यायला थांबायचो. जीपचं मागचं अंग दगडी ठोकळ्यांवर घेतलं, यू-बोल्ट खोलले आणि पाट्यांची चळत खाली उतरली. चाचांनी एकेक पाटा वेगळा करून गोणपाटावर मांडला. कंपनीचे कोणते आणि जादा कोणते हे ओळखायला ते वसमतला जाऊन एका कार्यालयाची न बदललेली कमांडर खाली वाकून बघून आले. पाट्यांची संख्या, जाडी, लांबी मनात धरून. जाडी मोजायला त्यांच्याकडं खाचा पाडलेली लोखंडी पट्टी होती. आमच्या जीपमध्ये मागं दोन्हीकडं दोन-दोन पाटे परके निघाले आणि पुढंही एकेक.

पाट्याचं शास्त्र मला त्या शेडमध्येच कळलं. पाटा जितका जाड, तितकं वाकणं कमी, पण ते सरळ हिशेबानं नाही: जाडी दुप्पट झाली तर एकट्या पाट्याचा कडकपणा आठपट होतो. म्हणून ट्रॉलीचा एक जाड पाटा जीपच्या पातळ पाट्यांत घुसवला, की बाकीच्यांना कामच उरत नाही. सगळा मार एकावर येतो आणि गाडी लाकडासारखी होते. परके पाटे काढले की उरलेली चळत वजनाखाली जराशी सपाट होते आणि गाडी आपोआप खाली बसते. ऐकायला सोपं. पण वर्षानुवर्षं भार सोसून कंपनीचे मूळ पाटेही एका बाजूला थकलेले होते. तसंच जोडलं असतं तर जीप डावीकडं झुकली असती, नेमकी अण्णांच्या बसायच्या बाजूला.

त्यासाठी गावातल्या लोहारदादांकडं जावं लागलं. मला वाटलं भट्टीत लाल करून वाकवतील. चाचांनी भट्टीजवळ पाटा नेऊच दिला नाही. “तापवला की पाणी उतरतं. मग तो पाटा नाही, पट्टी.” दोघांनी मिळून तो थंडच ऐरणीवर धरला. एक जण सरकवायचा, दुसरा घण घालायचा. दर बोटभर अंतरावर एक ठोका, तोही मोजका. मध्येच थांबून दोन्ही बाजूंचे पाटे शेजारी उभे करून उजेडात धरायचे, मधली फट बघायची, परत ठोकायचे. ऐरणीचा आवाज गल्लीभर जात होता आणि पोरं जमली होती. शेवटी दोन्ही कमानी एकमेकींवर ठेवल्या तेव्हा मधून उजेड आला नाही.

लोहारदादांची मजुरी कशी दिली ते सांगण्यासारखं आहे. काढलेले जादा पाटेच त्यांना दिले. जुन्या कमानपाट्याचं पोलाद कोयत्याला, विळ्याला, खुरप्याला उत्तम. धार धरतं आणि लवकर मोडत नाही. ऊसतोडीचे दिवस होते, कोयत्याला मागणी होती. चाचांनी सौदा आधीच ठरवून ठेवला होता: पाटे तुझे, ठोकणं आमचं. माझ्या खिशातून रुपया गेला नाही, आणि ज्या पाट्यांनी अण्णांचा रस्ता अडवला होता त्यांचे कोयते होऊन ते फडात गेले.

जिथं वाचवता येईल तिथं चाचांनी असं पै-पैनं वाचवलं. बुश त्यांनी पडलेल्या रबरातून कातून काढले. शॅकलचे पिन दुसऱ्या जीपचे, पण झिजलेले नाहीत याची बोटानं चाचपून खात्री केलेले. अण्णांसाठी पायदान केलं ते एका मोडक्या ट्रॉलीच्या चेकर प्लेटचं. खडूच्या रेघेच्या बरोबर उंचीवर, पुढं बोटभर कड काढून, म्हणजे पाय घसरणार नाही. धरायला दाराशेजारी आडवा पाइप, उजव्या हाताला येईल असा. पण यू-बोल्ट मात्र नवे. सेंटर बोल्ट नवा. शॉकअप नवे. इथं त्यांनी माझं काहीएक ऐकलं नाही. यू-बोल्ट एकदा ताणला की त्याचा आटा ओढला जातो, परत तसाच आवळला तर वाटेत ढिला होतो, आणि ढिला झाला की सगळा अक्सल सरकतो. हे सांगताना त्यांचा आवाज चढला होता. कोणत्या रस्त्यावर काय पाहिलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही.

मग चाकं. आधीच्या मालकानं मागं ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचे टायर टाकले होते. मापात बसतात: जीपचा टायर 6.00-16 आणि बऱ्याच ट्रॅक्टरांच्या पुढचाही 6.00-16. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस जीपला हेच माप होतं. 1940 च्या दशकाच्या शेवटी महिंद्रानं मुंबईत विलीसच्या जीपा जोडायला घेतल्या आणि ते माप आमच्या गावापर्यंत चालत आलं. पण ट्रॅक्टरचा टायर शेतात हळू चालण्यासाठी केलेला असतो. डांबरावर वेगानं पळवला की तापतो, आणि पावसात ब्रेक लावला की त्या उभ्या पट्ट्यांना पकड नसते. पुढचे दोन होते ते रबर चढवलेले, कडेला फुगलेले. दोन रिम वाकडे. चाचा चाक हवेत फिरवायचे आणि रिमच्या कडेला खडू टेकवून धरायचे. सरळ रिमला रेघ पूर्ण उमटते, वाकड्याला तुटक. आमच्या दोन रिमांवर नुसते ठिपके आले.

रिम नांदेडला भंगारात मिळाले, एका कापलेल्या जीपचे, खडूची परीक्षा तिथंच घेऊन. टायर मात्र चार नवे, एका जातीचे, ट्यूबसकट. त्याला पैसा लागणार होता आणि माझ्याकडं नव्हता. मी म्हणालो दोन आता घेऊ, दोन हळदीला. चाचांनी मान हलवली आणि मला स्कूटरवर मागं बसवून नांदेडला नेलं. देगलूर नाक्याकडच्या टायरच्या दुकानात शेठ गल्ल्यावर बसलेले. चाचा म्हणाले, “चार काढा. पैसे हळद निघाल्यावर. शब्द माझा.” शेठांनी मला काहीच विचारलं नाही. वहीत नाव चाचांचं लिहिलं, आणि टायर टेम्पोत चढले.

त्या वेळी हळदीवर कोणीही उधार द्यायचा. वसमतचा बाजार हळदीचा. 2010 मध्ये क्विंटलला पंधरा हजारांच्या पुढचा भाव लोकांनी डोळ्यांनी पाहिला होता. ज्यानं कधी हळद लावली नव्हती त्यानंही बेणं घेतलं होतं. मीही दोन एकर जास्त लावली होती.

चाकं बसवायच्या दिवशी चाचांनी नट समोरासमोरचे एकाआड एक आवळले, आधी हलके, मग पुरते. यू-बोल्टचा शेवटचा आवळ जीप जमिनीवर, स्वतःच्या वजनावर उभी असताना दिला. ठोकळे काढल्यावर ती मागून चांगली चार बोटं आणि पुढून दोन बोटं खाली आली होती, आणि चारी चाकांवर सरळ बसली होती. शेवरीची काठी पायदानाशी उभी केली, रेघ जुळली. पुढच्या खेपेला अण्णांनी उजव्या हातानं पाइप धरला, डावा पाय पायदानावर ठेवला आणि मायच्या नुसत्या पाठीवरच्या हातानं ते आत बसले. कोणी उचललं नाही. मी पलीकडच्या दारानं चढत होतो. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि “चल” म्हणाले.

वाटेत थोडं अंतर गेल्यावर थांबून सगळे नट परत आवळायचे, ही चाचांची अट होती. ती पाळूनच आम्ही नांदेड गाठलं.

2012 च्या उन्हाळ्यात हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून वसमतला नेली तेव्हा भाव चार-पाच हजारांवर येऊन बसला होता. सगळीकडंच लागवड वाढली होती, माल आला आणि भाव कोसळला. काढणीची मजुरी निघेना. टायरचे पैसे देणं माझ्या हातात नव्हतं. मी दुकानात मुदत मागायला गेलो. शेठांनी वही उघडून दाखवली: अर्धी रक्कम जमा. तारीख दीड महिन्यापूर्वीची. “मिस्त्री देऊन गेले,” म्हणाले. “भाव पडायला लागला तेव्हाच.”

मी तिथून थेट शेडवर आलो. चाचा एका ट्रॉलीखाली झोपून काम करत होते. मी विचारलं, मला का नाही सांगितलं? ते खालूनच म्हणाले, “तुला सांगून तुझ्या हळदीचा भाव वाढणार होता का?”

ते पैसे मी पुढच्या दोन हंगामांत फेडले. चाचांनी पावती ठेवली नव्हती, व्याज घेतलं नाही, घरी निरोप पाठवला नाही. मजुरीचं मात्र अडलं. मी जेव्हा जेव्हा ती काढायचो तेव्हा ते विषय बदलायचे. एकदा फारच मागं लागलो तेव्हा त्यांनी हाताखालच्या पोराकडं बोट केलं. शाळा सुटलेलं, गावातलंच, बाप ऊसतोडीला जाणारं पोर. “याला पान्यांचा सेट घेऊन दे. स्वतःचे पाने नसले की कारागीर उभा राहत नाही.” मी नांदेडहून चांगला सेट आणून दिला. त्या पोरानं तो डबा पहिल्या दिवशी उघडलाच नाही. घरी नेऊन देवाजवळ ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी आणला.

2022 च्या जुलैत अतिवृष्टी झाली आणि कुरुंद्यात पाणी शिरलं. घरांत गाळ, दुकानांत गाळ. चाचांचं शेड पाण्याखाली गेलं. पाणी ओसरल्यावर आम्ही दोन-तीन घरची माणसं तिथं गेलो. पाने, पुली, जॅक, बोल्टांचे डबे, सगळं चिखलात. जीप शेडच्या तोंडाशी लावून तिच्या मागच्या बाजूला एकेक वस्तू धुऊन, पुसून, डिझेलचा हात फिरवून मांडली. माय घरून भाकरी घेऊन आली. अण्णा तोवर आमच्यात राहिले नव्हते. चाचांनी गाळातून पाट्यांच्या ढिगाखाली काहीतरी शोधलं. ती लोखंडी मोजपट्टी होती. ती सापडल्यावर त्यांनी बाकीची फारशी काळजी केली नाही.

त्यानंतर चाचा थकले, नजर गेली, आणि नांदेडला लेकीकडं राहायला गेले. शेड त्या पोराकडं आलं. आता पोर म्हणण्यासारखा तो राहिलेला नाही. त्याचं स्वतःचं गॅरेज वसमतच्या रस्त्याला आहे आणि पाट्यांच्या कामाला लांबून लोक येतात. त्याच्याकडं हल्ली जुनी मारुती किंवा स्विफ्ट घेऊन तरुण मुलं येतात. गाडी खाली घ्यायची, मोठे अलॉय टाकायचे, आणि पैसे थोडे. सोपा उपाय त्यांनी कुठंतरी पाहिलेला असतो: स्प्रिंगचे दोन वेढे कापायचे. तो त्यांना बसवून समजावतो. गोल स्प्रिंगचे वेढे कमी केले की ती मऊ होत नाही, उलट कडक होते. कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही. खालचं अंतर संपलं की शॉकअप तळाला आदळतो, आणि मोठा टायर वळताना मडगार्डला घासतो. गॅसनं तापवून स्प्रिंग बसवणारे तर तिचं पाणीच घालवतात. शिवाय कायदा आहे: मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा अर्थ लावताना जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. आमच्या जीपचं काम या चौकटीत बसणारं होतं, कारण ती मुळात होती तिथंच परत आणली होती. हौस मला कळते. नीटस, जमिनीशी बसलेली गाडी दिसायला सुंदर असते, आणि गरिबाच्या पोरानं सुंदर गाडीची इच्छा धरू नये असं मी कधी म्हणणार नाही. पण कमी पैशात ते नीट करायचं तर आधी कोणीतरी सांगणारा लागतो: कुठं जुनं चालतं, कुठं चालत नाही. पैसे कमी असलेल्याला हे सांगणारा माणूस सगळ्यात आधी लागतो, आणि तोच त्याला क्वचित भेटतो. तो मला भेटला.

मागच्या वर्षी अशाच एका मुलाचे टायर घ्यायचे होते. पाय जेमतेम टेकलेला, बटईनं शेती करणारा. नांदेडच्या त्याच दुकानात आता शेठांचा मुलगा बसतो. मी सोबत गेलो आणि वहीत माझं नाव लिहायला सांगितलं. शेठांच्या मुलानं चाचांची चौकशी केली, एवढंच.

रमजान ईदला मी नांदेडला जातो. सोबत घरची हळद आणि मायनं दिलेला डबा. चाचांना आता चेहरा दिसत नाही, पण पायरीवरचं पाऊल ओळखतात. शीरखुर्मा पुढं येतो आणि मी मजुरी किती झाली होती ते विचारतो. ते उत्तर देत नाहीत. यू-बोल्ट शेवटचे कधी आवळलेस, ते विचारतात. आणि तारीख सांगता आली नाही तर वाटी अर्धी सोडून जीपखाली जाऊन बघून यायला लावतात.